जनरल आंग सान : दोन साम्राज्यांशी लढलेला ब्रह्मदेशाचा नेता

दरवर्षी १९ जुलै हा दिवस म्यानमारमध्ये हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १९४७ साली याच दिवशी सकाळी १० वाजून ३७ मिनिटांनी रंगून येथील सचिवालयात कार्यकारी मंडळाची बैठक सुरू असताना लष्करी गणवेशातील बंदूकधारी आत शिरले आणि त्यांनी उपस्थितांवर गोळ्यांचा वर्षाव केला. मंडळाचे उपाध्यक्ष जनरल आंग सान जागीच कोसळले. त्यावेळी त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते, आणि ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले ते मिळण्यास केवळ साडेपाच महिने उरले होते.

आंग सान यांची राजकीय कारकीर्द जेमतेम बारा वर्षांची. एवढ्या अल्प काळात ते जपानच्या मदतीने ब्रिटिशांविरुद्ध लढले, पुढे ब्रिटिशांच्या बाजूने जपानविरुद्ध लढले आणि अखेरीस ब्रिटिशांशी वाटाघाटी करून त्यांनी स्वातंत्र्याचा करार पदरात पाडून घेतला. सोयीप्रमाणे बाजू बदलणारा नेता, असा आक्षेप त्यांच्यावर हयातीतच घेतला गेला. घटनाक्रम पाहता हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. मात्र प्रत्येक वेळी त्यांनी साधन बदलले, मागणी बदलली नाही. या साधनांची किंमत अनेकदा देशातील अल्पसंख्य समाजांना मोजावी लागली, आणि अखेरच्या वर्षातील त्यांच्या हालचाली पाहिल्या तर याची जाणीव त्यांनाही झाली होती असे दिसते.

आंग सान यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१५ रोजी मध्य ब्रह्मदेशातील मॅग्वे जिल्ह्यात नाटमौक या गावी झाला. त्यांचे पाळण्यातील नाव तेइन लिन. थोरल्या भावाच्या आंग तान या नावाशी यमक जुळावे म्हणून त्यांनी स्वतःच आंग सान हे नाव धारण केले. वडील ऊ फा वकील होते, परंतु वकिलीत त्यांचा जम बसला नाही. संसाराचा भार आई दॉ सू यांनीच वाहिला. आईकडील नात्यातील एक पूर्वज ऊ मिन याउंग यांनी ब्रिटिशांच्या विरोधात सशस्त्र प्रतिकार केला होता आणि त्यात त्यांना प्राण गमवावे लागले होते. त्यांच्या कथा ऐकतच आंग सान लहानाचे मोठे झाले.

या प्रतिकाराची पार्श्वभूमी मराठी वाचकांना अगदीच अपरिचित नाही. १८८५ च्या तिसऱ्या ब्रह्मी युद्धात ब्रिटिशांनी मंडाले जिंकले आणि ब्रह्मदेशाचे अखेरचे राजे थिबा यांना पदच्युत करून भारतात पाठविले. त्यांचे उर्वरित आयुष्य रत्नागिरीत नजरकैदेत गेले आणि १९१६ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडण्यात आला आणि संपूर्ण देश हिंदुस्थानचा एक प्रांत बनला. ज्या मंडालेमधून ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत आला, त्याच मंडालेच्या तुरुंगात पुढे रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळात शिक्षा भोगली.

ब्रिटिश राजवटीत तांदूळ, तेल आणि सागवान यांचा व्यापार भरभराटीस आला, परंतु त्याचा लाभ मुख्यतः ब्रिटिश कंपन्या, भारतीय सावकार आणि चिनी व्यापारी यांना झाला. १९३१ च्या जनगणनेनुसार रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक भारतीय होते. स्वतःच्या राजधानीत परके झाल्याची भावना तरुण ब्रह्मी पिढीत बळावत होती. तिच्यात न्याय्य संताप होता आणि भारतीयांविषयीचा आकसही होता. पुढील काळातील अनेक दुःखद घटनांचे मूळ येथे सापडते.

येनानजाउंग या तेलनगरीतील राष्ट्रीय शाळेतून शालेय शिक्षण पूर्ण करून आंग सान रंगून विद्यापीठात दाखल झाले. किडकिडीत बांधा, अस्ताव्यस्त कपडे, तासन्‌तास मौन आणि मध्येच आवेशपूर्ण भाषण, असे त्यांचे वर्णन समकालीनांनी केले आहे. वादविवाद सभेत सहाध्यायांनी हुर्यो उडविली तरी ते अडखळत्या इंग्रजीतून बोलत राहत. राज्यकर्त्यांची भाषा आत्मसात केल्याशिवाय त्यांच्याशी झगडता येणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

१९३६ साली ते विद्यार्थी संघाच्या ओवे या मासिकाचे संपादक होते. मोराच्या केकेवरून हे नाव घेतले होते. मोर हे ब्रह्मी राजघराण्याचे चिन्ह. विद्यापीठातील एका अधिकाऱ्यावर बोचरी टीका करणारा निनावी लेख मासिकात प्रसिद्ध झाला. लेखकाचे नाव सांगण्यास आंग सान यांनी ठाम नकार दिला आणि त्यांच्यावर विद्यापीठातून काढून टाकण्याची पाळी आली. संघाचे अध्यक्ष नू यांच्यावरही अशीच कारवाई झाली. ऐन परीक्षांच्या तोंडावर विद्यार्थ्यांनी संप पुकारला आणि श्वेडागॉन पॅगोडाच्या टेकडीवर तळ ठोकला. पाहता पाहता संप देशभर पसरला आणि अधिकाऱ्यांना माघार घ्यावी लागली. एका महाविद्यालयीन वादातून देशाला दोन भावी नेते मिळाले.

१ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला आणि तेथे मर्यादित अधिकारांचे मंत्रिमंडळ आले. ही व्यवस्था तरुणांना मान्य नव्हती. १९३८ मध्ये आंग सान दोबामा आसियायोन म्हणजेच आम्ही ब्रह्मी या संघटनेत सामील झाले. या संघटनेचे सदस्य नावापुढे थाकिन ही उपाधी लावीत. थाकिन म्हणजे मालक; ब्रह्मी माणसाने गोऱ्या अधिकाऱ्याला याच शब्दाने संबोधावे असा दंडक होता. देशाचे खरे मालक आम्ही आहोत, हे सांगण्याची ही त्यांची रीत होती. त्याच वर्षी तेलखाण कामगारांच्या संपाने आणि विद्यार्थी आंदोलनाने देश ढवळून निघाला. पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये रंगूनमध्ये कम्युनिस्ट पक्षाचा पहिला गट स्थापन झाला, त्याचे सरचिटणीसपद आंग सान यांच्याकडे होते. मात्र ते कोणत्याही विचारसरणीचे कडवे अनुयायी कधीच नव्हते.

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात महायुद्ध भडकले. ब्रिटनची अडचण ही आपली संधी, असे थाकिन मंडळींनी ठरविले. मार्च १९४० मध्ये रामगड येथे भरलेल्या भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या अधिवेशनास आंग सान उपस्थित राहिले. मायदेशी परतताच त्यांच्या अटकेचे वॉरंट निघाले. हेन्झाडा जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांनी त्यांना पकडून देणाऱ्यास ५ रुपयांचे इनाम जाहीर केल्याचे सांगितले जाते. साम्राज्याने या तरुणाचे मोल किती लावले होते, याची कल्पना या आकड्यावरून येते.

ऑगस्ट १९४० मध्ये आंग सान आणि त्यांचे एक सहकारी हाय ली या मालवाहू जहाजातून गुप्तपणे चीनच्या अमॉय बंदराकडे निघाले. परकीय मदत मिळविणे हा त्यांचा उद्देश होता आणि चिनी कम्युनिस्टांशी संपर्क साधण्याचा विचार होता, असे बहुतेक चरित्रकार मानतात. अमॉय त्यावेळी जपानच्या ताब्यात होते. हाताशी पैसा नाही, ओळखदेख नाही अशा अवस्थेत काही आठवडे गेले आणि अखेर जपानी हेरखात्याने त्यांना शोधून काढले. नोव्हेंबरमध्ये ते टोकियोत पोहोचले.

तेथे त्यांची गाठ कर्नल सुझुकी केइजी यांच्याशी पडली. सुझुकी यापूर्वी पत्रकाराच्या वेशात रंगूनमध्ये वावरले होते. जपानला ब्रह्मदेशात रस होता तो लाशिओहून चीनमध्ये जाणाऱ्या रस्त्यामुळे. याच मार्गाने चँग कै शेक यांच्या सैन्याला शस्त्रास्त्रे आणि रसद पोहोचत होती. हा मार्ग तोडण्यासाठी ब्रह्मदेशात उठाव घडवून आणावा, या हेतूने मिनामी किकान ही गुप्त संघटना उभारण्यात आली. स्वातंत्र्य आणि रस्ता, या दोन वेगळ्या उद्दिष्टांवर हा सहकार उभा होता. ते एकमेकांशी फार काळ जुळणार नव्हते. जपानी लष्करशाहीविषयी आंग सान यांच्या मनात शंका होत्या, पण परत फिरण्याचा मार्गही उरला नव्हता.

१९४१ च्या प्रारंभी ते चिनी खलाशाच्या वेशात, खोटे दात लावून रंगूनला आले आणि विश्वासू तरुणांची निवड करून परतले. त्यांच्यासह तीस जणांना हैनान बेटावर अत्यंत खडतर लष्करी प्रशिक्षण देण्यात आले. ब्रह्मदेशाच्या इतिहासात हे तीस जण तीस सहकारी या नावाने ओळखले जातात. प्रत्येकाने युद्धनाम धारण केले. आंग सान हे बो तेझा झाले. टपाल कार्यालयात कारकुनी केलेले शू माउंग नावाचे एक तरुण बो ने विन झाले. या नावाची पुढे देशाला दीर्घकाळ ओळख राहणार होती.

डिसेंबर १९४१ च्या अखेरीस बँकॉकमध्ये ब्रह्मी स्वातंत्र्य सेनेची स्थापना झाली. सहकाऱ्यांनी दंडातून रक्त काढून ते चांदीच्या वाडग्यात मिसळले आणि एकनिष्ठतेची शपथ घेऊन प्राशन केले. जपानी फौजांसमवेत ही सेना सीमा ओलांडून निघाली तेव्हा तिच्यात मोजकेच सैनिक होते. गावोगावचे तरुण येऊन मिळाले आणि संख्या हजारोंच्या घरात गेली. ३१ जानेवारी १९४२ रोजी मौलमेन, ८ मार्च रोजी रंगून आणि १ मे रोजी मंडाले पडले. साठ वर्षांची ब्रिटिश सत्ता काही आठवड्यांत कोसळली.

या विजयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जपानी बाँबहल्ले आणि स्थानिक हिंसाचार यांच्या भीतीने सुमारे पाच लाख भारतीयांनी ब्रह्मदेश सोडला. त्यांपैकी बहुसंख्य लोक जंगलवाटांनी पायी आसाम व मणिपूरकडे निघाले; भूक, कॉलरा आणि हिवताप यांनी हजारो जण वाटेतच दगावले. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात म्याउंगम्या येथे स्वातंत्र्य सेनेच्या तुकड्यांनी करेन समाजातील स्त्रीपुरुषांची कत्तल केली. ब्रिटिश सैन्यात करेन मोठ्या संख्येने होते, हा त्यांचा अपराध ठरला होता. आंग सान तेव्हा तेथे नव्हते आणि करेन नेत्यांशी सलोखा साधण्याचा त्यांनी नंतर प्रयत्न केला. पण सेना त्यांची होती. थटोन जिल्ह्यातील एका गावप्रमुखाला मात्र त्यांनी स्वतःच्या हातांनी मृत्युदंड दिला. ब्रिटिशांना साहाय्य केल्याचा आरोप त्या गावप्रमुखावर ठेवण्यात आला होता आणि घाईघाईने चालविलेल्या लष्करी खटल्यात त्याला दोषी ठरविण्यात आले होते.

रंगून हाती येताच स्वातंत्र्याची घोषणा होईल अशी ब्रह्मी नेत्यांची अपेक्षा होती. तसे काही झाले नाही. जपानने लष्करी प्रशासन लागू केले, सुझुकी यांना मायदेशी बोलावून घेतले आणि स्वातंत्र्य सेना बरखास्त करून लहानशी संरक्षण सेना ठेवली. तिचे नेतृत्व आंग सान यांच्याकडे होते. याच सुमारास आजारपणामुळे ते रंगूनच्या सार्वजनिक रुग्णालयात दाखल झाले. तेथील परिचारिका दॉ खिन ची यांच्याशी ६ सप्टेंबर १९४२ रोजी त्यांचा विवाह झाला.

१ ऑगस्ट १९४३ रोजी जपानने ब्रह्मदेशाला स्वातंत्र्य जाहीर केले. बा माउ राष्ट्रप्रमुख झाले आणि आंग सान युद्धमंत्री. परंतु हे स्वातंत्र्य कागदावरचे होते. जपानी लष्करी पोलिसांचा जाच, सक्तीची वेठबिगारी आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेमार्गावर राबविण्यात आलेले हजारो मजूर यांमुळे जनतेत असंतोष धुमसत होता. वर्षभरानंतर स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी आंग सान यांनी जपानी अधिकाऱ्यांच्या उपस्थितीतच हे स्वातंत्र्य अपुरे असल्याचे जाहीर भाषणात सूचित केले. त्याच महिन्यात सेना, कम्युनिस्ट आणि समाजवादी गट यांनी एकत्र येऊन गुप्त फॅसिस्टविरोधी संघटना स्थापन केली. कम्युनिस्टांचे नेते थान टुन हे नात्याने आंग सान यांचे साडू होते.

१७ मार्च १९४५ रोजी रंगूनमध्ये ब्रह्मी सेनेचे संचलन झाले. ब्रिटिशांशी लढण्यासाठी सेना आघाडीवर जात आहे, असा जपानी अधिकाऱ्यांचा समज होता. २७ मार्च रोजी तिने जपानविरुद्ध शस्त्र उगारले. त्या सुमारास नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सरकारचे मुख्यालयही रंगूनमध्येच होते. नेताजींनी अखेरपर्यंत जपानची साथ सोडली नाही. आंग सान यांनी ती सोडली. एकाच शत्रूविरुद्ध, एकाच मित्राच्या आधाराने लढणाऱ्या दोन सेनानींनी वेगवेगळे निर्णय घेतले, तरी त्यांच्या सेनांनी परस्परांवर शस्त्र चालविणे टाळले. जपानी सैन्य निघून गेल्यानंतर आणि ब्रिटिश पोहोचण्यापूर्वी रंगूनमधील सुव्यवस्था मेजर जनरल लोकनाथन यांच्या आधिपत्याखालील आझाद हिंद सैनिकांनीच राखली.

१६ मे १९४५ रोजी चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल विल्यम स्लिम यांना भेटण्यासाठी आंग सान मेकटिला येथील त्यांच्या मुख्यालयात गेले. या सैन्यातील बहुसंख्य जवान भारतीय होते. आंग सान यांच्या अंगावर जपानी मेजर जनरलचा गणवेश होता आणि कमरेला तलवार. ब्रिटिश कायद्यानुसार ते राजद्रोही होते आणि त्यांना तेथेच अटक होऊ शकत होती. तरीही त्यांनी आपण हंगामी सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलो असल्याचे सांगितले. ब्रिटिश जिंकत आहेत म्हणूनच तुम्ही आलात, असे स्लिम यांनी सुनावले, तेव्हा त्यांनी ते नाकारले नाही. हरणाऱ्यांकडे येऊन काय उपयोग झाला असता, असे साधे उत्तर त्यांनी दिले. स्लिम यांना त्यांचा हा स्पष्टपणा आवडला आणि आपल्या आठवणींत त्यांनी आंग सान यांच्या प्रामाणिकपणाची नोंद केली. आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती माउंटबॅटन यांनीही ब्रह्मी सेनेला देशद्रोही न मानता सामावून घ्यावे, असा आग्रह धरला.

सप्टेंबर १९४५ मध्ये कँडी येथील करारानुसार ब्रह्मी सेनेतील सुमारे पाच हजार सैनिकांना नियमित लष्करात घेण्यात आले. आंग सान यांना ब्रिगेडियरच्या दर्जाचे पद देऊ करण्यात आले होते. ते नाकारून त्यांनी गणवेश उतरविला आणि फॅसिस्टविरोधी जन स्वातंत्र्य संघाचे नेतृत्व स्वीकारले.

युद्धानंतर परतलेले गव्हर्नर डॉर्मन-स्मिथ यांच्याशी त्यांचा संघर्ष अटळ होता. ब्रिटनच्या श्वेतपत्रिकेत तीन वर्षे थेट गव्हर्नरची राजवट ठेवण्याची तरतूद होती. यातच गावप्रमुखाच्या हत्येचे जुने प्रकरण विधान परिषदेत उपस्थित झाले. ते मांडणारे सदस्य एकेकाळी तीस सहकाऱ्यांपैकीच एक होते. आंग सान यांनी कृत्य नाकारले नाही आणि जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यांच्या अटकेचा आदेश निघाला आणि देशव्यापी उठावाच्या भीतीने मागेही घेण्यात आला. न्याय झाला, असे त्या गावप्रमुखाच्या कुटुंबाला वाटले असणे शक्य नाही.

१९४६ च्या ऑगस्टअखेर नवे गव्हर्नर ह्युबर्ट रॅन्स आले. पोलिसांच्या संपापाठोपाठ सार्वत्रिक संप झाला आणि प्रशासन ठप्प झाले. दिल्लीत नेहरूंचे हंगामी सरकार सत्तेवर आलेले असल्याने ब्रह्मदेशातील आंदोलन दडपण्यासाठी भारतीय सैन्य वापरणे ब्रिटनला आता शक्य नव्हते. साठ वर्षांपूर्वी हा देश जिंकला गेला होता तो बव्हंशी भारतीय सैनिकांच्या बळावर. त्याच सैनिकांच्या अभावी तो आता हातातून निसटत होता. सप्टेंबरअखेर आंग सान कार्यकारी मंडळाचे उपाध्यक्ष झाले. संरक्षण आणि परराष्ट्र ही खाती त्यांच्याकडे आली. व्यवहारतः ते देशाचे पंतप्रधानच होते.

पंतप्रधान ॲटली यांच्या निमंत्रणावरून जानेवारी १९४७ मध्ये ते लंडनला निघाले. वाटेत दिल्लीत त्यांनी जवाहरलाल नेहरू यांची भेट घेतली. इंग्लंडमध्ये त्यावर्षी कडाक्याची थंडी होती. तेथील छायाचित्रांत आंग सान यांच्या अंगावर दिसणारा भलामोठा लष्करी ओव्हरकोट ही नेहरूंची भेट होती. हेच छायाचित्र पुढे ब्रह्मदेशात घरोघरी लागले. २७ जानेवारी रोजी झालेल्या करारात एप्रिलमध्ये घटना समितीच्या निवडणुका घेण्याचे आणि वर्षभराच्या आत स्वातंत्र्य देण्याचे ठरले. शिष्टमंडळातील माजी पंतप्रधान ऊ सॉ आणि थाकिन बा सेइन यांनी करारावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला.

करारात एक मेख होती. शान, काचिन आणि चिन या डोंगराळ प्रदेशांचा कारभार ब्रिटिशांनी कायम वेगळा ठेवला होता. तेथील जनतेच्या स्वेच्छेशिवाय हे प्रदेश स्वतंत्र ब्रह्मदेशात सामील होणार नव्हते. ब्रह्मी बहुसंख्याकांविषयी त्यांच्या मनात अविश्वास होता आणि १९४२ च्या घटनांनी तो वाढला होता. लंडनहून परतताच अवघ्या काही दिवसांत आंग सान शान राज्यातील पांगलाँग या छोट्या गावी जाऊन पोहोचले. शान सरदार, काचिन आणि चिन प्रतिनिधी यांच्याशी वाटाघाटी झाल्या. काही प्रश्नांवर चर्चा फिसकटण्याची चिन्हे होती. १२ फेब्रुवारी रोजी नऊ कलमांचा करार झाला आणि त्यावर आंग सान यांच्यासह २३ जणांनी स्वाक्षऱ्या केल्या. सरहद्द प्रदेशांना अंतर्गत कारभारात पूर्ण स्वायत्तता असेल, हे तत्त्वतः मान्य करण्यात आले. नंतर राज्यघटनेत शान आणि करेन्नी राज्यांना दहा वर्षांनंतर संघराज्यातून बाहेर पडण्याचा अधिकारही देण्यात आला.

पांगलाँगमध्ये जे घडले ते प्रामुख्याने एका व्यक्तीवरील विश्वासामुळे. करार त्रोटक होता, त्याचा तपशील पुढे ठरायचा होता. तो पाळला जाईल याची हमी म्हणजे आंग सान यांचा शब्द, एवढीच होती. करेन नेते तेथे केवळ निरीक्षक होते. त्यांना स्वतंत्र राज्य हवे होते आणि एप्रिलच्या निवडणुकीवर त्यांच्या प्रमुख संघटनेने बहिष्कार टाकला. निवडणुकीत संघाला प्रचंड बहुमत मिळाले. १६ जून रोजी आंग सान यांनी घटना समितीत स्वतंत्र सार्वभौम प्रजासत्ताकाचा ठराव मांडला.

जुलैच्या मध्यास रंगूनमध्ये केलेल्या अखेरच्या जाहीर भाषणात त्यांनी श्रोत्यांना खूष करण्याचा प्रयत्न केला नाही. शिस्त लावून घ्या, कष्ट करा, शेजारी देशांची बरोबरी करण्यास वीस वर्षे लागतील, असा त्या भाषणाचा आशय होता. त्यानंतर आठवडाभरातच सचिवालयातील ती बैठक झाली.

त्या सकाळी मृत्युमुखी पडलेल्यांची यादी पाहिली असता आंग सान कोणते राज्य उभारू पाहत होते याची कल्पना येते. मान बा खाइंग हे करेन समाजाचे होते. अब्दुल रझाक हे भारतीय वंशाचे मुस्लिम आणि मंडालेच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. मोंगपॉनचे शान सरदार साओ सान टुन यांनी पांगलाँग करारावर स्वाक्षरी केली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. आंग सान यांचे थोरले बंधू बा विन, थाकिन मया, ज्येष्ठ संपादक ऊ बा चो, उपसचिव ओन माउंग आणि रझाक यांचा १८ वर्षांचा अंगरक्षक को ट्वे हे अन्य बळी. एकूण नऊ जण.

पोलिसांनी त्याच दिवशी ऊ सॉ यांच्या तळ्याकाठच्या घरावर छापा घालून त्यांना अटक केली. नंतर तळ्याच्या पाण्यातूनही शस्त्रे काढण्यात आली. आंग सान नसतील तर गव्हर्नर आपल्यालाच पाचारण करतील, असा त्यांचा अंदाज होता असे मानले जाते. गव्हर्नर रॅन्स यांनी मात्र त्याच दिवशी नू यांना नवे मंडळ बनविण्यास सांगितले. शस्त्रास्त्रे ब्रिटिश लष्कराच्या साठ्यातून मिळविण्यात आली होती आणि त्या प्रकरणी एका ब्रिटिश कॅप्टनला शिक्षाही झाली. त्यामुळे कटामागे आणखी कोणी होते काय, ही शंका ब्रह्मदेशात आजतागायत घेतली जाते. ऊ सॉ यांना ८ मे १९४८ रोजी इन्सेइन तुरुंगात फाशी देण्यात आली.

४ जानेवारी १९४८ रोजी पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी, ज्योतिषांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. ज्या नेत्यांचा शब्द डोंगराळ प्रदेशांत चालत होता ते आता नव्हते. मार्चमध्ये थान टुन यांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्टांनी बंड पुकारले. जानेवारी १९४९ मध्ये करेन बंडखोर रंगूनच्या वेशीवर इन्सेइनपर्यंत येऊन धडकले. संघराज्यातून बाहेर पडण्याच्या अधिकाराची दहा वर्षांची मुदत संपली आणि शान नेते संघीय रचनेवर चर्चेसाठी रंगूनमध्ये जमले असतानाच, २ मार्च १९६२ रोजी लष्कराने सत्ता घेतली. पंतप्रधान नू आणि शान नेत्यांना अटक झाली. सत्ता घेणारे सेनाप्रमुख होते जनरल ने विन, हैनान बेटावरील तीस जणांपैकी एक.

दॉ खिन ची १९६० मध्ये ब्रह्मदेशाच्या राजदूत म्हणून दिल्लीला आल्या. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी दोन वर्षांची असलेली त्यांची कन्या सू ची हिचे शिक्षण दिल्लीतील लेडी श्रीराम महाविद्यालयात झाले. १९८८ मध्ये आजारी आईच्या शुश्रूषेसाठी त्या रंगूनला गेल्या आणि लष्करी राजवटीविरुद्धच्या आंदोलनात ओढल्या गेल्या. २६ ऑगस्ट १९८८ रोजी त्यांनी पहिले मोठे जाहीर भाषण केले ते श्वेडागॉनच्या परिसरात, जेथे १९३६ मध्ये संपकरी विद्यार्थ्यांचा तळ पडला होता. जवळच, पॅगोडाच्या उत्तर प्रवेशद्वाराशी, आंग सान आणि त्यांच्या सहकाऱ्यांची समाधी आहे.

जपानविरुद्धच्या उठावाचा २७ मार्च हा दिवस प्रारंभी प्रतिकार दिन म्हणून साजरा होत असे. १९५५ पासून तो सशस्त्र सेना दिन झाला. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने निर्वाचित सरकार बरखास्त करून सू ची यांना अटक केली. त्यानंतरच्या पहिल्याच सशस्त्र सेना दिनी राजधानीत लष्करी संचलन झाले, आणि त्याच दिवशी देशाच्या विविध शहरांत सुरक्षा दलांच्या गोळीबारात शंभराहून अधिक नागरिक ठार झाले.